दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर आणि वेळ दाखवणाऱ्या ॲपवाल्यांना आणि साइटवाल्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

तुम्ही मला ओळखत नाही पण मी तुमचं काम जवळजवळ रोज वापरते. माझी नोकरी फिरतीची आहे आणि ती फिरती मोठ्या शहरांमधली नाही, जिथे दिवसाला दोन-तीनच विमानं उतरतात, कधीकधी आठवड्यातून तीनच दिवस उतरतात, अशा छोट्या विमानतळांच्या गावांमधली आहे. त्यामुळे इथून तिथे विमानाने किती किलोमीटर आणि किती वेळ, हे मी आठवड्यातून तीन-चार वेळा तरी तुमच्याकडे टाइप करते. तुमच्या कामाबद्दल मला आदर आहे हे आधीच सांगते, कारण पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणाला वाटेल की ही बाई नुसती भांडायला आलीय.

दोन महिन्यांपूर्वी रात्री साडेअकराला भावजींचा फोन आला. ताईला अचानक हॉस्पिटलमध्ये ॲडमिट केलं होतं आणि सकाळी अकराला ऑपरेशन ठरलं होतं. मी तेव्हा कामासाठी एका छोट्या गावात होते, तिथे विमानतळ आहे, आणि ताई राहते तिथेही विमानतळ आहे. मी तुमच्यापैकी एकाच्या ॲपवर दोन्ही नावं टाकली. स्क्रीनवर मोठ्या अक्षरात आलं, अंतर ४१२ किमी, फ्लाइट टाइम ५९ मिनिटं, खाली नकाशा, त्यावर एक वाकडी रेघ आणि रेघेवरून सरकणारं एक छोटंसं विमान. मी भावजींना तिथल्या तिथे सांगून टाकलं, काळजी करू नका, सकाळी नऊपर्यंत पोचते, आणि बॅग भरायला घेतली. तिकीट काढायला बसले तेव्हा साडेबारा वाजले होते, आणि मग कळलं की या दोन विमानतळांमध्ये थेट विमान नाहीच. त्या दिवशी नाही असं नाही, कधीच नसतं. जायचं तर आधी उलट्या दिशेला मोठ्या विमानतळावर जायचं, तिथे साडेचार तास बसायचं, मग दुसरं विमान. मी संध्याकाळी पाच वाजता हॉस्पिटलमध्ये पोचले. ताईला आत नेताना तिने दोनदा विचारलं होतं, आली का ग ती, हे मला भावजींनी नंतर सांगितलं. ताई आता बरी आहे. पण मला जे सलतंय ते हे की साडेअकराला त्या स्क्रीनवर फक्त "थेट विमान नाही" एवढे तीन शब्द असते तर मी त्याच क्षणी गाडी करून रस्त्याने निघाले असते आणि रात्रभर प्रवास करून सकाळी नऊच्या आत खरंच पोचले असते. तो तास मी त्या सरकणाऱ्या विमानाकडे बघून घालवला.

त्यानंतर मी हा विषय हातात घेतला. तुमचे आकडे कुठून येतात, कसे काढतात, हे सगळं वाचलं, ओळखीतल्या एका पायलटला आणि एका विमानतळावरच्या माणसाला विचारून विचारून हैराण केलं. आणि मला जे कळलं ते असं की तुमचं ४१२ बरोबर आहे. अगदी बरोबर आहे. तुम्ही प्रत्येक विमानतळाचा एक ठरलेला बिंदू घेता, साधारण धावपट्टीच्या मध्याजवळचा, त्याचे अक्षांश-रेखांश घेता आणि पृथ्वीच्या गोलावरून त्या दोन बिंदूंमधली सगळ्यात जवळची वाट काढता, म्हणजे ग्रेट सर्कल, सपाट नकाशावर ती वाकडी दिसते एवढंच. त्यासाठी जे हॅवरसाइन सूत्र वापरतात ते जहाजांवरच्या खलाशांचं जुनं हत्यार, हॅवरसाइन हा शब्द १८३५ साली जेम्स इनमनने रूढ केला, तेव्हा कोष्टकं बघून हाताने गणित करायचे. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किमी धरतात, खरी पृथ्वी विषुववृत्ताजवळ ६३७८ आणि ध्रुवांजवळ ६३५७, म्हणजे थोडी चपटी, म्हणून गोल धरलं की जास्तीत जास्त साधारण अर्धा टक्का चूक येते. चारशे किलोमीटरवर दोन किलोमीटर. ज्यांना तेवढीही नको ते १९७५ चं विन्सेंटीचं सूत्र वापरतात आणि चूक मिलिमीटरवर आणतात. इथे माझी काहीच तक्रार नाही, इतकं नेमकं गणित तुम्ही फुकट करून देता.

माझी तक्रार त्या रेघेवर विमान चालवून दाखवण्याबद्दल आहे. कारण नेमकं त्या रेघेवरून प्रवासी विमान सहसा जात नाही. धावपट्टी ज्या दिशेला असेल त्या दिशेलाच आणि वारा समोरून येईल असंच उडायचं, म्हणजे वारा पश्चिमेकडून असेल तर तुम्हाला पूर्वेला जायचं असलं तरी विमान आधी पश्चिमेला तोंड करून उडतं आणि मग वळसा घेतं. नंतर ठरलेले बिंदू, ठरलेले हवाई मार्ग, लष्कराच्या ताब्यातली हद्द टाळायची, डोंगर असतील तर त्यांच्यावरून सुरक्षित उंची गाठेपर्यंत फिरायचं, आणि उतरताना परत धावपट्टीच्या रेषेत यायला दहा-वीस किलोमीटर आधीपासून सरळ यायचं. हे काही गुपित नाही हो. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटना, म्हणजे आयकाओ, कार्बनचा हिशोब करताना याच ग्रेट सर्कल अंतरात भर टाकते, ५५० किमीपेक्षा कमी असेल तर ५० किमी, ५५० ते ५५०० ला १०० किमी, त्याच्या पुढे १२५ किमी. युरोपियन युनियन आपल्या उत्सर्जनाच्या हिशोबात सरसकट ९५ किमी मिळवते. म्हणजे ज्यांना धुराचा हिशोब करायचाय त्यांनासुद्धा माहितीये की रेघ म्हणजे प्रवास नव्हे. आणि ही भर छोट्या प्रवासात किती जड पडते ते बघा, ५००० किलोमीटरमध्ये १०० म्हणजे दोन टक्के, पण माझ्या ४१२ मध्ये ५० म्हणजे बारा टक्के. मोठ्या शहरांमधल्या लांबच्या प्रवासात तुमची रेघ खपून जाते, छोट्या विमानतळांमध्ये नाही, आणि छोट्या विमानतळांचीच माहिती इतर कुठे नीट मिळत नाही म्हणून आम्ही तुमच्याकडे येतो.

कधीकधी तर रेघ जमिनीवरच्या गोष्टींमुळे पार मोडते. २०२२ मध्ये युरोपातल्या विमान कंपन्यांना रशियाची हवाई हद्द बंद झाली आणि हेलसिंकी ते टोकियो हे साडेनऊ तासांचं अंतर १३ तासांच्या आसपास गेलं. दोन्ही शहरं होती तिथेच आहेत, ग्रेट सर्कल एक मीटरने बदललेलं नाही.

आता वेळ. ५९ मिनिटं कुठून आली हे मी कागदावर करून बघितलं. ४१२ भागिले ८५० म्हणजे २९ मिनिटं, अधिक चढण्या-उतरण्याची म्हणून ३० मिनिटं, झाले ५९. सगळीकडे हेच गणित दिसतं, कोणी ८०० घेतं, कोणी ८५०. पण ८५० ताशी वेग हा मोठ्या जेटचा, तोही दहा-अकरा किलोमीटर उंचीवर गेल्यावरचा. छोट्या विमानतळांवर बऱ्याचदा येतं काय, तर पंख्याचं टर्बोप्रॉप, कारण धावपट्टी आखूड असते आणि प्रवासी सत्तरच्या आत असतात. एटीआर ७२ नावाचं असंच एक टर्बोप्रॉप ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास जातं. म्हणजे तुम्ही ज्या विमानाचा वेग धरता ते विमान त्या धावपट्टीवर उतरूच शकत नाही अशीही ठिकाणं आहेत. आणि जिथे जेट येतं तिथेही चारशे किलोमीटरमध्ये ते ८५० वर असतं किती वेळ? उतरण्याचा पायलट लोकांचा ढोबळ नियम असा आहे की दर हजार फुटांना तीन नॉटिकल मैल लागतात, म्हणजे तीस हजार फुटांवरून यायचं तर साधारण १६७ किलोमीटर आधीच उतार सुरू. चढायला पण अंतर लागतंच. आणि बऱ्याच देशांमध्ये दहा हजार फुटांच्या खाली २५० नॉटपेक्षा जास्त वेगाने जाताच येत नाही, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटर. मध्ये सपाट उडायला उरतं काय.

वाऱ्याचं तर कोणी बोलतच नाही. ५०० ने जाणारं टर्बोप्रॉप, समोरून ८० चा वारा, जमिनीवरून बघितलं तर वेग ४२०, चारशे किलोमीटरला ५७ मिनिटं. तोच वारा पाठीमागून असला तर ५८० आणि ४१ मिनिटं. जाताना-येताना १६ मिनिटांचा फरक आणि तुमच्या स्क्रीनवर दोन्हीकडे एकच आकडा. लांबच्या प्रवासात हे सगळ्यांना माहितीये, न्यूयॉर्कहून लंडनला जाताना लागतो त्यापेक्षा परत येताना तासभर जास्तच लागतो, जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरचा जोरदार वारा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो म्हणून. एकाच रेघेला दोन वेगळ्या वेळा असू शकतात एवढं तरी दाखवा ना.

आणि ते सरसकट ३० मिनिटं मिळवणं. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत, तिथे वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं एक विमान जातं, जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण, २.७ किलोमीटर, १९६७ पासून चालू आहे, वेळापत्रकात दोन मिनिटं लिहिलेली असतात आणि वारा चांगला असला तर त्याहून लवकर, ५३ सेकंदांचा विक्रम आहे. तुमच्या सूत्राने तिथे तीस मिनिटं येतात. तिथल्या लोकांना फरक पडत नाही, त्यांना माहितीच आहे, पण सूत्र कुठे चालतं आणि कुठे नाही हे बनवणाऱ्याला तरी कळायला हवं.

मुळात वेळ म्हणजे कोणती वेळ हेच तुम्ही सांगत नाही, आणि मला वाटतं सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. चाकं जमिनीवरून उचलल्यापासून परत टेकेपर्यंतची एक वेळ. विमान कंपन्या तिकिटावर जी लिहितात ती वेगळी, ब्लॉक टाइम, चाकाखालचे चॉक, म्हणजे अडकण, काढले तिथपासून ते पोचल्यावर परत चॉक लावले तिथपर्यंत, त्यात टॅक्सी आली, म्हणजे विमानाचं धावपट्टीपर्यंत जमिनीवरून चालत जाणं, रांगेत उभं राहणं आलं, आणि उशीर झाला तरी वेळेवर आलो असं दिसावं म्हणून आधीच घातलेली जास्तीची मिनिटंही आली. आणि तिसरी वेळ माझी, घरातून निघून माणसापर्यंत पोचायची. तुम्ही यातलं पहिलं अंदाजाने काढता आणि त्याला "प्रवासाचा वेळ" असं नाव देता. प्रवास कोणाचा? विमानाचा की माझा?

मागच्याच आठवड्यातलं सांगते. टर्बोप्रॉपमध्ये डावीकडे खिडकीची सीट होती, खाली एक लांबट तळं दिसलं, त्याच्या एका टोकाला भिंत, भिंतीवर पिवळी क्रेन. मला वाटलं आता पोचलोच. दहा मिनिटांनी परत तेच तळं, तीच क्रेन, फक्त सावली थोडी सरकलेली. मग तिसऱ्यांदा. खाली धुकं होतं आणि त्या विमानतळावर आयएलएस नाही, म्हणजे उतरताना धावपट्टीची दिशा आणि उतार दोन्ही दाखवणारी यंत्रणा नाही. जिथे ती असते तिथे कॅटेगरी वन या सगळ्यात साध्या प्रकारातही साडेपाचशे मीटर दिसत असलं तर उतरता येतं, जिथे नसते तिथे त्याहून बरंच जास्त दिसावं लागतं, तोपर्यंत गोल गोल फिरायचं. शेजारचे आजोबा शांतपणे म्हणाले, इथे हे नेहमीचंच आहे, सकाळचं विमान धरूच नये. त्या आजोबांना जे माहितीये ते तुमच्या ॲपला माहिती नाही, आणि दोन्ही विमानतळांची नावं मात्र तुमच्याकडे आहेत. यंत्रणा कुठे आहे आणि कुठे नाही हे छापील माहितीत असतं, प्रत्येक देश ते प्रसिद्ध करतो. एक ओळ टाकता येईल की नाही?

नावांचाही घोळ आहे, तो थोडक्यात सांगते. सिडनी ऑस्ट्रेलियात आहे तसं कॅनडातही आहे आणि माणसं खरोखर चुकीच्या सिडनीला पोचलेली आहेत. सॅन होजे कॅलिफोर्नियात आहे आणि कोस्टा रिकातही. नाव टाकलं की पहिलं जे सापडेल ते घेऊन अंतर काढू नका, देश आणि तीन अक्षरी कोड मोठ्या अक्षरात दाखवा. आणि विमानतळाच्या नावात शहराचं नाव आहे म्हणून विमानतळ त्या शहरात असतो असं नाही, फ्रँकफर्ट-हान फ्रँकफर्टपासून १२० किलोमीटरवर आहे, ते अंतर रस्त्याने काटायचं असतं. टाइम झोनचंही तसंच, पोचण्याच्या घड्याळातून निघण्याचं घड्याळ वजा करून "एकूण वेळ १० मिनिटं" दाखवणारी पानं मी स्वतः बघितली आहेत.

तुमच्यातले काहीजण म्हणतील की सरळ रेघेचं अंतर लोकांना लागतं. लागतंच, आणि ते काढून टाका असं मी म्हणत नाहीये. युरोपात विमान रद्द झालं किंवा खूप उशीर झाला तर भरपाई किती हे ठरवायला २००४ चा नियम २६१ आहे, त्यात १५०० किमी आणि ३५०० किमी अशा पायऱ्या आहेत आणि ते अंतर ग्रेट सर्कलनेच मोजायचं असं नियमातच लिहिलंय. छोट्या विमानाच्या पायलटला पण पहिला अंदाज घ्यायला तेच लागतं. फक्त त्याला "सरळ रेषेतलं अंतर" असं म्हणा, "फ्लाइट डिस्टन्स" म्हणू नका, कारण फ्लाइट म्हटलं की आम्हाला वाटतं फ्लाइट आहे.

मला काय हवंय ते सांगते. सगळ्यात वर, अंतराच्याही वर, एक ओळ हवी की या दोन विमानतळांमध्ये थेट विमान आहे की नाही, असलं तर आठवड्यातून किती दिवस. नसलं तर कुठून बदलून जावं लागेल आणि दारापासून दारापर्यंत साधारण किती तास. उड्डाणाची वेळ दाखवायचीच तर एक आकडा नको, पासून-पर्यंत द्या, आणि कोणतं विमान धरलंय ते लिहा, टर्बोप्रॉपला एक तास दहा ते एक तास तीस, जेटला इतकं, असं. बदलायचं विमान असेल तर दोन तिकिटं वेगवेगळी आहेत की एकच आहे हे पण सांगा, कारण वेगवेगळी असली की सामान परत घ्या, परत चेक-इन करा, आणि पहिलं चुकलं तर दुसऱ्याची जबाबदारी कोणाची नाही. आणि रस्त्याने किंवा ट्रेनने किती लागेल ते शेजारीच ठेवा. चारशे-पाचशे किलोमीटरच्या आत रस्ता जिंकतो असं कित्येकदा होतं, माझ्या बाबतीत झालंच असतं.

वेळापत्रकाचा डेटा विकत घ्यावा लागतो आणि तो स्वस्त नसतो हे मला त्या विमानतळावरच्या माणसाने सांगितलं. तुम्ही छोटी माणसं असाल, दोघं-तिघं मिळून हे चालवत असाल, जाहिरातींवर खर्च निघत असेल, हे सगळं मान्य. मग जे माहिती नाही ते माहिती नाही असं लिहा. "हे फक्त सरळ रेषेतलं अंतर आहे, इथे विमान जातं की नाही हे आम्ही तपासलेलं नाही." एवढं वाक्य टाकायला पैसे लागत नाहीत. ते आकड्याच्या वर टाका आणि तेवढ्याच मोठ्या अक्षरात टाका, पानाच्या तळाशी करड्या रंगात नको, रात्री साडेअकराला कोणी तळापर्यंत जात नाही. आणि ते सरकणारं विमान काढा. जिथे विमान जात नाही तिथे विमान सरकताना दाखवू नका, हात जोडून सांगते.

आज सकाळी मी परत तीच दोन नावं टाकून बघितली. अजून ४१२ किमी, ५९ मिनिटंच येतंय. कोणती दोन नावं ते मी त्या ॲपवाल्यांना मेलने कळवलंय, मेल मिळाल्याचं आपोआप आलेलं उत्तर पण माझ्याकडे आहे. बाकीच्यांनी आपापल्या यादीतले छोटे विमानतळ घ्या, जिथे दिवसाला दोनच विमानं येतात ते आधी, आणि एकेक जोडी तपासायला सुरुवात करा. जिथली मला माहिती आहे तिथली मी लिहून पाठवीन, कुठलं विमान कोणत्या दिवशी येतं, सकाळी धुकं असतं की नाही, शहरात जायला किती वेळ लागतो, सगळं.

तुमची,
छोट्या विमानतळांवरून नेहमी ये-जा करणारी एक प्रवासी